अस्सल बरहुकूम

भुखी नाल्याचं पाणी रमणभाईंनी आणलं
सरबताच्या जुन्या बाटलीत, झाकणाला दोन रबरं लावून.
"लो बेन, तमारो प्रसाद," म्हणाले
आणि कोपरापर्यंत हात धुवायला गेले.

मी ते गाळलं. क्लोरोफॉर्मचे चार थेंब.
सकाळी ताटलीवर जिवाणूंची साय धरली होती
आणि सायीत भोकं.
एकशे सदतीस. मधे फोन आला म्हणून दोनदा मोजली.

एकेका भोकात काय झालं ते रात्री बाबांना सांगते,
रावपुऱ्यातल्या घरी, गॅलरीतल्या टेबलावर.
बाबा कोठी कचेरीत नकलनवीस होते, चौतीस वर्षं.
जिवाणू त्यांना कळत नाहीत.
नक्कल कळते.

जिवाणूच्या अंगावर एक लांब केस असतो,
दुसऱ्या जिवाणूला जवळ ओढायचा.
विषाणू त्या केसाला चिकटतो.
जिवाणू केस आत घेतो, सवयीनं,
आणि पाहुणा आत. टरफल दाराबाहेर.

"आत जातं काय मग?"
एक चिठ्ठी, बाबा. साडेतीन हजार अक्षरं, कलमं चारच.
आरएनएची. डीएनएच्या पक्क्या दप्तरात तिची नोंद नाही.
पण आतला वाचणारा, रायबोसोम म्हणतात त्याला,
समोर येईल तो कागद वाचतो. शिक्का बघत नाही.
वाचतो, आणि लिहिलंय तसं करून मोकळा.

"आणि नक्कल?"
आरएनएवरून आरएनए उतरवणारा
जिवाणूच्या कचेरीत कुणी नसतो. तशी रीतच नाही.
म्हणून चिठ्ठीतलं एक कलम सांगतं: नकलनवीस नेमा.
एक माणूस चिठ्ठीचा,
तीन कचेरीतलेच, रोजच्या कामातून उचललेले.
चौघं मिळून कागदाच्या शेवटाकडून उतरवायला घेतात.

बाबांचा घास थांबला.
"शेवटाकडून? आणि वाचणारा?"
सुरुवातीपासून.
"मग मधे टक्कर."

एमएस्सीच्या वर्गात हे अजून कुणी विचारलेलं नाही.

"वाचणाऱ्याला उठवल्याशिवाय नक्कल होत नाही," बाबा म्हणाले.
"आम्ही साहेबापुढे चहा ठेवायचो
आणि दप्तर हळूच ओढून घ्यायचो."
इथे चहा नसतो. नकलनवीस सरळ
वाचणाऱ्याच्या जागेवर जाऊन बसतो.
वाचत असलेले शेवटपर्यंत वाचून उठतात,
नवा बसू शकत नाही. कागद मोकळा.

पहिली नक्कल उलटी निघते, आरशातल्यासारखी.
वाचायला गेलं तर अर्थ नाही.
पण तिच्यावरून सुलटी, सुलटी, सुलटी,
पाऊण तासात हजारो,
नवी टरफलं चढवून दाटीवाटीनं उभ्या,
आणि मग भिंत फुटते.
असल्या लाखो फुटलेल्या भिंती म्हणजे एक भोक.

"रुजवात कोण घेतं?"
हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं.
कुणी नाही, बाबा. जवळजवळ दर नकलेत एखादं अक्षर चुकतं.
चुकलेल्या बऱ्याचशा तिथंच संपतात.
एखादी नाल्यापर्यंत पोचते.

बाबा आमटी ओरपत राहिले.
आमचं आडनाव हिंगणेकर.
मूळ हिंगणीकर. कुणा कारकुनाच्या हातून
वेलांटीची मात्रा झाली, मिळकतीच्या उताऱ्यात.
बाबांनी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तो मूळ कागद पाहिला होता.
दुरुस्तीचा अर्ज केला नाही.
उतारा स्वतः उतरवला, मात्रेसकट,
खाली लिहिलं: अस्सल बरहुकूम नक्कल,
आणि सही केली.
सहीतही मात्राच.

एकशे सदतीसमधलं एक भोक
कडेला जरा धुरकट होतं.
ते मी काडीच्या टोकानं उचलून
वेगळ्या नळीत ठेवलंय.